सोमवारचे एक्केचाळीस

आमच्या कारखान्यात मला सगळे टरकून असतात, आणि त्याला कारण एक रजिस्टर आहे. जळगावच्या एमआयडीसीत पाइप बनतात, तिथे मी तपासणीला आहे. दर तासाला मशीनमधून निघालेल्या पाइपचा तुकडा कापायचा, चार ठिकाणी जाडी मोजायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची. काम इतकं सोपं की माणसाला वाटतं, न करताच झालं. परवा कोमल नावाच्या नव्या मुलीने शिफ्ट संपताना आठही तासांची जाडी एका बैठकीत भरून टाकली. मी तिला सगळ्यांसमोर असं काही झापलं की ती रडायलाच लागली. सुपरवायझर मधे पडला. म्हणाला, "मॅडम, पाइप तर चांगलाच निघालाय. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात, हे त्याला सांगायचं म्हणजे भंगाळे सरांपासून सुरुवात करावी लागेल. आणि सरांचं सांगायला घेतलं की माझं स्वतःचंही सांगावं लागतं, म्हणून मी इथे आजवर कोणालाच काही सांगितलेलं नाही. कोमलवर काढलेला राग तिच्यावरचा नव्हता, एवढं मला घरी येईपर्यंत कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी डब्यात शेवभाजी नेली. तिने ती खाल्ली नाही, आणि बरोबरच केलं.

आमचं कॉलेज धुळ्याच्या पुढे, नरडाण्याकडे जाताना हायवेला लागून. मी तिथे आत्याकडे राहून शिकत होते. गणित नको म्हणून कला शाखा घेतलेली, आणि दुसऱ्या वर्षाला पाहतो तर काय, कला शाखेच्या मुलांनीही गणित शिकावं असा फतवा निघालेला. विषयाचं नाव 'व्यावहारिक गणित'. आम्ही प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, "अरे, भंगाळे सर आहेत. त्यांच्या तासाला कोणी नापास होत नाही." आम्हाला वाटलं, सर पेपर ढिले तपासत असतील.

सर भुसावळला राहायचे. मूळ गाव रावेरकडचं, घरची केळीची शेती. मंगळवारी सकाळी यायचे, शनिवारी दुपारी जायचे. सोमवारी त्यांचा तास नसायचा. बुटके, काळेसावळे, अंगात बाहेर काढलेला पांढरा शर्ट आणि हातात बारा महिने छत्री. त्या छत्रीच्या दांड्यावर त्यांनी लाल ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला एक खूण केलेली. त्यांची वीत एकवीस सेंटिमीटरची आणि पाऊल बहात्तरचं. हे ते ओळख करून देताना नावाच्या पाठोपाठ सांगायचे. मैदानातून येताना त्यांना कोणी नमस्कार केला तर ते बोलायचे नाहीत, नुसतं एक बोट वर करायचे. पावलं मोजणं चालू असायचं. मैदान काही वाढत नव्हतं, तरी ते रोज मोजायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मैदान नाही मोजत. मी म्हातारा होतोय का ते मोजतो."

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "विहिरीत पाणी किती आहे हे तुम्ही कसं सांगाल?"

कोणी म्हणालं दोर सोडून, कोणी म्हणालं व्यास मोजून. मी म्हणाले, "सर, आमच्याकडे नळ आहे." वर्ग हसला. अशी टवाळी मला छान जमायची. सर पण हसले आणि म्हणाले, "मग तुझी अडचण मोठी आहे."

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. वेणी घट्ट, आवाज घोगरा. तिचं नाव रत्ना. नरडाण्याच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातून ती यायची. म्हणाली, "सर, आमच्या मोटारीखाली पंधरा लिटरची बादली तीन सेकंदात भरते. मोटार लावली की दोन तास दहा मिनिटांनी पाणी तुटतं." मग ती जराशी छताकडे पाहत राहिली. "एकोणचाळीस हजार लिटर. पण सर, विहिरीत तेवढं नसतं. आपण उपसत असतो तेव्हा झरा पण चालूच असतो ना."

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. नंतर वर्षभर पाहिलं, खडू असा खाली ठेवला म्हणजे त्यांना फार आनंद झालेला असायचा. त्यांनी तिला विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?" ती म्हणाली, "कोनी नही सर. मोटार बंद कराले मालेच जानं पडस." वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी सर हसले नाहीत. त्यांनी हजेरीत तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. कुठलाही प्रश्न आला की आधी वहीच्या समासात पेनाने अंदाज लिहायचा, मग मोजायचं. तो अंदाज खोडायचा नाही. उत्तर चुकलं तर ते कधी "चूक" म्हणायचे नाहीत. "किती चुकलं?" असं विचारायचे. दहाने चुकलं की दुपटीने, याच्यात त्यांना खरा रस. मला एकदा म्हणाले, "जयश्री, तू नेहमी थोडंच चुकते, पण प्रत्येक वेळी वरच्याच बाजूला चुकते. हा काही गणिताचा दोष नाही, हा स्वभाव आहे." मला तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं.

एकदा पेपरात आलं, की आमच्या कॉलेजशेजारच्या मैदानावरच्या सभेला पन्नास हजार लोक होते. सरांनी पेपर घेतला आणि अख्खा वर्ग मैदानावर नेला. पावलांनी लांबी-रुंदी मोजायला लावली. मग छत्रीने मातीत एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला आणि म्हणाले, "राहा उभे." चार जण आरामात मावले. पाचवा घुसला तेव्हा कुरबुर सुरू झाली. सहावा आला तेव्हा रत्ना हसत हसत चौकोनाबाहेर पडली. मंडप, गाड्या, स्टेज यांची जागा वजा करून हिशोब केला तर वीस हजारांच्या वर आकडा जाईना. हे कसं कोण जाणे बाहेर गेलं, आणि संस्थेतले एक गृहस्थ तणतणत स्टाफरूममध्ये आले. "सर, तुम्ही म्हणे आमची गर्दी कमी केली?" सर शांतपणे म्हणाले, "मी नाही हो. मैदानच लहान आहे."

त्या दिवशी तासाच्या शेवटी ते म्हणाले, "पोरांनो, कुठलाही आकडा दिसला की एक विचारायचं. तिथं कोण उभं होतं? कोणीच उभं नसेल तर तो आकडा नाही, ती नुसती शाई आहे." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, वर चौकटही केली. अक्षर माझं सुंदर होतं. त्या सुंदर अक्षरानेच पुढे सगळा घोळ केला.

त्या वर्षी जूनपासून आमच्या फाट्यावरून आतल्या खेड्यांत जाणारी पाच वाजताची एसटी बंद झाली. नंतरची गाडी साडेसातला. तोपर्यंत मुलींनी हायवेवर थांबायचं, नाहीतर जीपच्या मागे लटकायचं. घरोघरी कुरकुर सुरू झाली. रत्नाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तर सरळ सांगून टाकलं होतं. ती आम्हाला कँटीनमध्ये म्हणाली, "आबा म्हणस, दिवाळीपर्यंत देखूत. गाडी नही ते कॉलेज बी नही." तिने हे चहात बिस्किट बुडवत सांगितलं, पण ते बिस्किट तुटून चहात पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

सरांना हे कळलं तेव्हा ते सुट्टी टाकून डेपोत गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, की सहा दिवस मोजून दाखवा. रोज किमान चाळीस कॉलेजच्या मुली निघाल्या तर पाचची गाडी परत लावतो. सरांना एवढंच हवं होतं. आमच्या विषयाला तीस गुणांचा प्रकल्प होता. सकाळच्या गाड्या, जीपा, गावांची अंतरं अशी कामं त्यांनी वाटून दिली. संध्याकाळची मोजणी, जिच्यावर सगळं अवलंबून होतं, ती मला दिली. आत्याचं घर फाट्यासमोरच होतं आणि माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून.

तो शनिवार होता. सर भुसावळला निघायच्या घाईत होते. मला छापलेला तक्ता दिला, सोमवार ते शनिवार, सहा रकाने. म्हणाले, "पावणेपाच ते सव्वापाच. त्या बाजूला जाणाऱ्या मुली फक्त. एखादा दिवस राहिला तर तिथे सरळ रेघ मार, काही वाटून घेऊ नको. पुढच्या आठवड्यात मी स्वतः उभा राहीन." मी म्हणाले, "नाही सर, राहील कसा?"

रविवारी आमच्या घरी कानबाई बसली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. सोमवारी वाजतगाजत नेऊन तिचं विसर्जन करायचं आणि घरी केलेले प्रसादाचे जाड रोट खायचे. मी शनिवारी रात्रीच गावी गेले होते. सोमवारी डोक्यावर पदर घेऊन आईबरोबर मिरवणुकीत फुगड्या घातल्या, आणि फाटा, तक्ता, सर, सगळं विसरले.

मंगळवारी मात्र मी मोजलं. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बाकड्यावर बसून एकेक डोकं मोजलं. त्रेचाळीस भरली. बुधवारी चव्वेचाळीस. रत्नाने मला लांबून हात केला. गुरुवारी मैत्रिणी म्हणाल्या, धुळ्याला जाऊ, भेळ खाऊ. मी विचार केला, काल चव्वेचाळीस होत्या, आज काय चार होणार आहेत? शुक्रवारी मी झोपले. शनिवारी मला कंटाळा आला. दुसरं काही कारण सांगायला हवं, पण नाही. कंटाळा आला एवढंच.

रविवारी दुपारी आत्याच्या ओसरीवर बसून मी तक्ता भरला. गुरुवार बेचाळीस, शुक्रवार पंचेचाळीस. शनिवारी आधी चाळीस लिहिणार होते. मग आठवलं, सर म्हणायचे की बनवलेले आकडे फार गोल असतात. म्हणून तिथे सेहेचाळीस केले. बघा, सरांनी शिकवलेलंच वापरून मी सरांना फसवत होते. सोमवारचा रकाना रिकामा राहिला होता. तिथे मी एक्केचाळीस लिहिलं. आदल्या सोमवारी मी स्वतः कुठे होते, हे मी हाताला लागलेल्या रोटाच्या वासासकट विसरले होते. एक रेघ मारायची होती. तेवढीही मारली नाही.

डेपोत सर मला बरोबर घेऊन गेले. "मोजणारीने समोर असावं," म्हणाले. साहेब वयस्कर होते, शिंदखेड्याकडचे, बोलायला गोड. त्यांनी तक्त्याची तारीफ केली. "वा, काय मोत्यासारखं अक्षर." मग त्यांचं बोट सोमवारवर येऊन थांबलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, पुन्हा तक्ता पाहिला.

"सर, सोमवारी एक्केचाळीस पोरी होत्या?"

"हो," सर म्हणाले.

"त्या सोमवारी कानबाई उठली. माझ्या घरी पण रोट होते. त्या दिवशी आमच्या बाजूची एक पोर कॉलेजला जात नाही. फाट्यावर कुत्रंसुद्धा नसतं."

सरांच्या घरी कानबाई बसत नव्हती. ते सोमवारी भुसावळला होते. त्यांना कुठून माहीत असणार? पण मला माहीत होतं, मी तर त्या दिवशी नाचले होते. आता सर माझ्याकडे वळून पाहतील, म्हणून मी जमिनीकडे पाहत राहिले. सर वळले नाहीत. त्यांनी तक्ता हातात घेतला आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी कागद तपासला नाही."

"मग बाकीचे पाच दिवस तरी खरे कशावरून?" साहेबांनी विचारलं. चिडून नाही, साधंच विचारलं. सरांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात या, नवीन मोजणी घेऊन. आता या महिन्याचं वेळापत्रक माझ्या हातात नाही."

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. मी शेजारी. मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा कंडक्टर आला. दुसऱ्यांदा सर म्हणाले, "त्या बाजूने ऊन येतंय, इकडे सरक." तिसऱ्यांदा कॉलेजच आलं. आता वाटतं, ते प्रत्येक वेळी थांबले होते. मान थोडी माझ्या बाजूला करून, ऐकायला तयार असल्यासारखे. वर्गात त्यांनी एवढंच सांगितलं, की कागदात चूक राहिली, ती माझी आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू. रत्नाने विचारलं, "कसली चूक सर?" ते म्हणाले, "मोठी."

पुढच्या महिन्यात मोजणीला त्यांनी कोणालाच पाठवलं नाही. स्वतः उभे राहिले. त्यासाठी रविवारीच भुसावळहून येऊन एका शिपायाकडे मुक्काम केला, कारण सोमवार चुकवायचा नव्हता. सहा दिवस पावणेपाचला फाट्यावर छत्री उघडून हा बुटका माणूस उभा, हातात वही. जाणारे-येणारे हसायचे. पोरं म्हणायची, भंगाळे सरांना आता ट्रॅफिक पोलीस केलंय. मी तो आठवडाभर कॉलेजच्या मागच्या फाटकाने घरी गेले. लांब पडायचं, शेतातून जावं लागायचं. पण समोरून जायची हिंमत नव्हती.

आणि या महिनाभरात मुली कमी झाल्या होत्या. दोघी-तिघींच्या भावांनी मोटारसायकली घेतल्या होत्या, एक मामाकडे राहायला गेली होती, दोघींनी कॉलेज सोडलं होतं. सरांच्या वहीत अडतीस, छत्तीस, सदतीस असे आकडे पडायला लागले. शेवटच्या दिवशी काय झालं ते टपरीवाल्या नानांनी मला पुढे सांगितलं. सरांनी मोजून सदतीस लिहिलं. रत्ना त्यांच्याजवळ गेली आणि वहीत डोकावून म्हणाली, "सर, चाळीसना वर लिवा ना. कोन देखस?"

सर म्हणाले, "मी पाहिलं ना, बेटा."

ती म्हणाली, "रोजना तीन-चारच ते कमी शेतस, सर."

नाना म्हणत होते, की सर बराच वेळ पेन उघडंच धरून उभे होते. मग त्यांनी ते बंद केलं आणि खिशाला लावलं. जीप आली, रत्ना मागे लटकली आणि गेली. सर त्या जीपकडे पाहत तिथेच उभे राहिले. नानांनी त्यांना चहा दिला, तो तसाच राहिला.

खरं सांगू? हे ऐकलं तेव्हा मला सरांचाच राग आला. लिहायचे होते चाळीस. एवढा कसला ताठा? मग रागाचा भर ओसरला आणि कळलं, की मी गुरुवार, शुक्रवार, शनिवार फक्त त्या बाकड्यावर बसले असते, सोमवारी रेघ मारली असती, तर सरांवर ही वेळच आली नसती. तेव्हा मुली चाळीसच्या वर होत्या. हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारी जगात एकच व्यक्ती होती, आणि ती मागच्या फाटकाने घरी जात होती.

गाडी लागली नाही. दिवाळीनंतर रत्ना आली नाही. आले ते तिचे आबा, तिचा दाखला घ्यायला. लायब्ररीबाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी सरांना गाठलं. धोतर, हातात पिशवी, आवाज वाढवायची सवय नसलेला माणूस. म्हणाले, "मास्तर, दोन-तीन आकडा वाढाई टाकतात ते तुमनं काय जातं व्हतं? पोर हुशार शे, हाई तुम्हीच सांगं ना माले? आते ती घर बठी."

मी दहा पावलांवर होते, पुस्तक बदलायला आलेली. सरांनी मला पाहिलं. आमची नजरानजर झाली, नीट झाली. त्यांनी फक्त बोट दाखवायचं होतं. ते आबांना म्हणाले, "भाऊ, माझं चुकलं." आबा म्हणाले, "तुमनं चुकनं, पन भोगस ती." मी खाली वाकले आणि सँडलचा पट्टा नीट करायला लागले. तो नीटच होता. वर पाहिलं तेव्हा आबा पायऱ्या उतरत होते आणि सर त्यांच्या मागे, पिशवी धरायला हात पुढे केलेला.

त्या वर्षीच्या प्रकल्पाला वर्गात सगळ्यांना तीसपैकी बावीस, चोवीस असे गुण पडले. मला पडले दहा. मैत्रिणी म्हणाल्या, जा, सरांना विचार, बेरीज चुकली असेल. मला एका क्षणात कळलं. सहा दिवसांपैकी दोन दिवस. तीसपैकी दहा. नानांच्या टपरीवर सहा दिवस उभ्या राहिलेल्या माणसाला, मी किती दिवस त्या बाकड्यावर होते हे कळल्याशिवाय कसं राहील? त्यांनी मला शून्य दिलं नव्हतं. जेवढं मी खरं केलं होतं तेवढ्याचे गुण दिले होते, ना एक जास्त, ना एक कमी. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मी त्यांच्याकडे गेले नाही. शून्य दिलं असतं तर मी भांडले तरी असते.

सर निवृत्त झाले. मी पास झाले, लग्न होऊन जळगावला आले, नोकरी लागली. रत्ना नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला लागल्याचं कानावर आलं. कंपनीची गाडी तिला रोज गावातून घेऊन जाते आणि आणून सोडते. हे ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते. ताट तसंच ठेवून उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

गेल्या महिन्यात सासूबाईंना गाडीत बसवायला मी जळगाव स्टेशनवर गेले होते. त्या मुंबईकडे गेल्या. परत फिरले तर पलीकडच्या फलाटावर सुरतच्या बाजूला जाणारी पॅसेंजर लागलेली, आणि खिडकीत सर. केस पांढरे, चष्मा जाड झालेला, छत्री मांड्यांमध्ये उभी. दोंडाईच्याला भाचीकडे कार्य होतं, तिकडे निघाले होते. मी पूल ओलांडून पळतच गेले. खिडकीच्या दांड्याला धरून म्हणाले, "सर, मी जयश्री."

"पाहिलं मी. पुलावरून येताना पाहिलं," ते म्हणाले. "पाऊल लांब पडतं अजून."

मग जे सात वर्षं बोलले नव्हते ते मी त्या खिडकीतून एका दमात बोलले. सोमवार, कानबाई, भेळ, कंटाळा, सगळं. शेजारच्या खिडकीतली बाई बघत होती. माझं झाल्यावर सर म्हणाले, "मंगळवार-बुधवारचे खरे होते. ते मला माहीत आहे."

"सर, मला माफ करा."

"मी कशाला? माझं काय गेलं?" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "रत्ना मला नरडाणा स्टेशनवर भेटली होती मागे. नमस्कार केला, पण बोलली नाही. तिला वाटतं, मी हट्टापायी तिची गाडी घालवली. तिला कोणीतरी सांगायला पाहिजे, की पहिल्या आठवड्यात आकडा चाळीसच्या वर होता. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, तिची मागणी खरी होती. एवढं तरी तिला मिळालं पाहिजे."

"तुम्ही सांगा ना सर."

"मी सांगितलं तर ते तुझ्यावर चहाडी केल्यासारखं होईल. ते तूच सांगायचं आहे."

सिग्नल पडला. गाडीने एक धक्का दिला. सरांनी शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, जागा मोकळी केली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ही गाडी नरडाण्याला थांबते."

मी म्हणाले, "सर, आज माझी ड्यूटी आहे."

त्यांनी मान हलवली. गाडी हलली, मी दांडा सोडला. दोन-तीन खिडक्या पुढे गेल्यावर दिसलं, त्यांनी पिशवी परत त्या सीटवर ठेवली होती.

त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती.